खिळे तोंडात असताना

दोन भावांचं खुर्च्या-सोफे मढवायचं दुकान होतं आणि त्या दुकानात एक कुत्रा होता. कुत्र्याचं नाव मुकादम. नाव थोरल्यानं ठेवलेलं. स्वतः काडीचं काम करायचं नाही, पण दुसऱ्याच्या कामावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नजर ठेवायची, अशा प्राण्याला दुसरं काय म्हणणार, असा त्याचा सवाल. धाकट्याला हे नाव मुळीच पसंत नव्हतं. पण त्याची पसंती त्या घरात कधी कोणी विचारलीच नव्हती.

लग्नं दोघांचीही झाली नाहीत. थोरल्याचं ठरून मोडलं, धाकट्याचं ठरलंच नाही, आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघे भाऊ बघता बघता म्हातारे झाले. थोरला पुढे गल्ल्यावर बसायचा. कापडं दाखवायची, भाव ठरवायचा आणि येईल त्याच्याशी गप्पा छाटायच्या, हे त्याचं काम. धाकटा मागे सतरंजीवर बसून खुर्च्या मढवायचा. थोरला जेवढा बोलका तेवढा हा घुम्या. थोरला त्याला 'जजसाहेब' म्हणायचा, कारण चेहरा कायम असा की आता कोणाला तरी शिक्षा ठोठावणार.

खुर्ची मढवणाऱ्याला दोन हात पुरत नाहीत. एका हातानं कापड ताणून धरावं लागतं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळा धरायला हात आणायचा कुठून? म्हणून जुनी माणसं मूठभर बारीक खिळे तोंडात टाकतात. जिभेनं एकेक खिळा ओठांत आणायचा, हातोडीचं लोहचुंबकी टोक तिथे टेकवायचं, खिळा चिकटला की ठोकायचा. धाकटा हे इतकं सफाईनं करायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस पोटातूनच खिळे काढतोय. मात्र तोंडात खिळे असेपर्यंत बोलता येत नाही. शिंकता येत नाही, खोकता येत नाही आणि ओरडता तर मुळीच येत नाही.

मुकादमानं नेमकं हेच हेरलं होतं.

धाकट्याचं तोंड खिळ्यांनी भरलं की हा कुत्रा आळस झाडत उठायचा, मागून यायचा आणि त्याचा खडू पळवायचा. कधी मोजपट्टी. कधी पायातून काढून ठेवलेली चप्पल. पळवायचा म्हणजे तरी कुठे, चार हातांवर जाऊन बसायचा आणि वस्तू पुढ्यात ठेवून भिंतीकडे बघत राहायचा, जणू ती तिथे कशी आली हे त्यालाही कोडंच. धाकटा "म्म्म! म्म्म!" करायचा. लाल व्हायचा. मग एकेक खिळा तळहातावर काढत बसायचा, कारण घाईत एखादा घशात गेला तर पंचाईत. शेवटचा खिळा निघाला की गर्जना व्हायची, "अरे गाढवांनो!" कायम अनेकवचनी. कारण तोवर पुढे गल्ल्यावर थोरला पोट धरून हसत असायचा, आणि धाकट्याची पक्की खात्री होती की हे सगळं त्याचंच कारस्थान आहे.

"तूच शिकवतोस त्याला. खाकरतोस. मी ऐकतो ना."

"अरे बाबा, मला खोकला आहे. मी कशाला शिकवू? त्याचं तो करतो. विनोद कळतो त्याला. या घरात तुला सोडून सगळ्यांना कळतो."

"कुत्र्याला कसला आलाय विनोद!"

हा वाद वर्षानुवर्षं चालला. जेवताना चालायचा, दुकान बंद करताना चालायचा, आणि दोघांपैकी एकालाही तो मिटवायची घाई नव्हती. मग एका दुपारी थोरल्याला छातीत कसंतरी झालं. हॉस्पिटलात नेताना तो नर्सला म्हणाला, "मागे जजसाहेब येताहेत, जरा नीट वागा." आणि तिथून तो परत आला नाही.

धाकटा रडला नाही. लोकांनी त्याचं कौतुक केलं, किती खंबीर आहेत म्हणाले. शेजारचा शिंपी तर म्हणाला की असं मन घट्ट पाहिजे. खंबीर कसला, त्याला काही सुचतच नव्हतं. सकाळी तो चहा दोन कप करायचा आणि मग एक ओतून द्यायचा. दुकान उघडायचा. गिऱ्हाईक आलं की पुढे यायचं, कापड दाखवायचं, पुन्हा मागे जायचं. गिऱ्हाइकांशी त्याला गप्पा मारता येत नव्हत्या. कापड घ्या नाहीतर घेऊ नका, असा चेहरा करून तो उभा राहायचा आणि लोकही लवकर निघून जायचे. संध्याकाळी वर जाऊन कुकर लावायचा. पुष्कळ दिवस असे गेले की दुकानातले भाव सांगण्यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.

दोघांची मोठी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ताई आली, स्वयंपाकघर आवरून गेली, आणि जाताना तिला नेमका तोंडातल्या खिळ्यांचा धसका बसला.

"हे बंद कर आधी," ती म्हणाली. "एखादा गिळलास तर? आता बघायला कोण आहे इथे?"

बघायला कोण आहे, हे त्याच्या वर्मी लागलं. पुढच्याच आठवड्यात तिनं जावयाबरोबर पिना मारायचं यंत्र पाठवून दिलं. टेकवायचं, दाबायचं, खट्‌. तोंड रिकामं. धाकटा मुकाट्यानं ते वापरायला लागला. काम भराभर व्हायचं आणि मग वेळ खायला उठायचा.

आणि मुकादम? मुकादमानं गल्ल्याखाली मुक्काम ठोकला. थोरल्याचे पाय जिथे असायचे तिथे अंगाचं मुटकुळं करून पडायचा. बाहेर नेलं तर जायचा, परत यायचा, पडायचा. दूध-पाव अर्धा टाकायचा. खडू, मोजपट्टी, चप्पल, सगळं जागच्या जागी राहायला लागलं. चाळीस वर्षं ज्या माणसानं आपल्या वस्तू कोणी हलवू नयेत म्हणून आकांडतांडव केलं, त्याला आता जागेवर पडलेला खडू बघवेना.

कुत्र्याला विनोद कळतो का, हा तुमच्या-आमच्यासाठी चहाबरोबर चघळायचा विषय. धाकट्याच्या दृष्टीनं तो जिवाचा प्रश्न होऊन बसला. कारण हिशेब सरळ होता. ती थट्टा थोरल्यानं शिकवलेली असेल, तर ती त्याच्याबरोबर गेली आणि घरात उरलं एक मुकं जनावर. पण ती मुकादमाची स्वतःची असेल, तर आपल्याला ओळखणारं, आपण कशानं चिडतो हे जाणणारं कोणीतरी अजून या घरात आहे. थोरला खरं बोलत होता का, एवढंच त्याला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वादात हरायचं होतं.

त्यानं प्रयत्न केले. चप्पल मुद्दाम मुकादमाच्या नाकाशी नेऊन ठेवली. मुकादमानं ती हुंगली आणि तोंड फिरवलं. मोजपट्टी अर्धी लोंबती ठेवली. काही नाही. कदाचित याला हसणारं माणूस लागत असेल, म्हणून एकदा रिकाम्या दुकानात उभं राहून तो "हा हा हा" असं हसला. ते हसणं इतकं भयंकर होतं की मुकादम उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, आणि दारात आलेली एक बाई आत न येता पुढे निघून गेली.

मग एका दुपारी तो गल्ल्यामागे उभा राहिला आणि थोरल्यासारखं खाकरला. हुबेहूब जमलं. दोघांचा गळा एकाच घरचा. मुकादम ताडकन उठला. कान उभे. त्यानं धाकट्याकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट दाराकडे गेला आणि उंबऱ्याशी उभा राहून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. बराच वेळ. धाकट्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानंतर खराखुरा खोकला आला तरी तो तोंडावर रुमाल धरायला लागला.

शेवटी त्यानं मुकादमाला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आणि मायाळू होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, दात पाहिले, रक्त तपासलं.

"तब्येत ठणठणीत आहे. वयही काही फार नाही. मन लागत नाहीये त्याचं."

"एक विचारू का?" धाकटा म्हणाला. कान लाल झाले होते. "यांना थट्टा कळते का? म्हणजे, करतात का हे थट्टा? मनानं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "खेळतात ते. आपण काहीतरी केलं की माणसं उठतात, ओरडतात, हे त्यांना कळतं, आणि ते त्यांना आवडतं. पण थट्टा म्हणजे... समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखून मुद्दाम करणं. तसं असेल असं वाटतं खरं कधीकधी. पण मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. तुमचा काय अनुभव?"

"माझ्या भावाला वाटायचं, कळते म्हणून."

"मग त्यांनाच विचारा," असं त्या सहज बोलून गेल्या. धाकटा "हो" म्हणाला आणि मुकादमाला घेऊन घरी आला.

त्याच रात्री त्यानं ताईला फोन लावला. ताईच्या घरी अंगण होतं, नातवंडं होती, आणि ती कधीपासून म्हणत होती की कुत्र्याला इकडे पाठव. धाकटा म्हणाला, "ने त्याला. इथे झुरून मरेल तो." ताई म्हणाली, "रविवारी येते. आणि तू?" यावर तो म्हणाला, "मला काय झालंय?"

रविवारी सकाळी त्यानं मुकादमाची वाटी, पट्टा आणि गोधडी पिशवीत भरून दाराशी ठेवली. ताई यायला अवकाश होता. नुसतं बसून राहणं त्याला जमणारं नव्हतं, म्हणून तो मागे जाऊन एका खुर्चीला लागला. एका निवृत्त मास्तरीणबाईंची ती खुर्ची, त्यांच्या वडिलांची. लाकूड जुनं, वाळून ठिसूळ झालेलं. त्यानं पिनांचं यंत्र टेकवून एकदाच दाबलं आणि लाकडाला केसाएवढी चीर गेली. त्यानं यंत्र बाजूला ठेवलं. असल्या लाकडाला धक्का चालत नाही, हातोडीनं हळूहळूच समजवावं लागतं. त्यानं खिळे वाटीत काढून पाहिले. कापड ताणून धरलं तर वाटीपर्यंत हात पोचेना, वाटी जवळ ओढायला गेलं तर कापड सैल. दोनदा असं झाल्यावर त्यानं एक शिवी हासडली, दाराकडे पाहिलं, ताई अजून आलेली नव्हती, आणि मूठभर खिळे तोंडात टाकले.

लोखंडाची ती जुनी चव जिभेवर आली. त्यानं कापड ताणलं, पहिला खिळा ठोकला. दुसरा ठोकला. मग कापडाचं दुसरं टोक ओढायला हात लांब केला, तर ते येईना.

त्यानं वळून पाहिलं. सतरंजीवर पसरलेल्या कापडावर मुकादम बसला होता.

"म्म्म," धाकटा म्हणाला. मुकादम भिंतीकडे बघत होता.

धाकट्यानं त्याला कोपरानं ढकललं. मुकादम अगदी शहाण्यासारखा उठला. धाकटा खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेला आणि तिकडून कापड ओढायला लागला. येईना. मुकादमही वळसा घालून आला होता आणि आता त्या टोकावर बसला होता, ऐसपैस, मागचा एक पाय बाजूला टाकून, भर सभेत अध्यक्ष बसावा तसा. धाकटा पुन्हा अलीकडे आला. मुकादम पुन्हा अलीकडे आला. या खेपेला त्यानं बसण्याआधी कापडावर एक गिरकी घेतली, जागा नीट पसंत केली, बसला, आणि जांभई दिली.

"म्म्म! म्म्म्म!"

हे थोरल्यानं कधी शिकवलेलं नव्हतं. असं तो आजवर कधी बसलाच नव्हता. खडू होता, पट्टी होती, चप्पल होती, पण हे नवं होतं, आत्ता इथे याच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेलं. आणि कोणीही खाकरलं नव्हतं. धाकट्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस तो कुत्र्यापुढे चपला मांडत होता, पण तोंड मोकळं ठेवून. ज्याला ओरडता येतं त्याची खोडी काढण्यात कसली आली मजा? मुकादम वाट बघत होता ती त्याचं तोंड भरायची. ती वेळ त्या मुक्या जनावरानं अचूक ओळखली होती, आणि ताईच्या काळजीपोटी धाकट्यानंच ती त्याच्या हातून काढून घेतली होती.

थोरला खरं बोलत होता. पण हे आता त्याला सांगायचं कसं?

मुकादमानं जांभई आटोपली आणि सवयीनं पुढे गल्ल्याकडे मान वळवली. तिथून हसणं यायचं. ते आलं नाही. त्यानं थोडं थांबून पाहिलं. मग मान फिरवून त्यानं सरळ धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तसाच बघत राहिला.

आता हसायचं काम याच्याकडे आलं होतं. आणि धाकट्याला हसू आलंही होतं, खरंच आलं होतं, छातीपर्यंत येऊन ठेपलं होतं. पण तोंडात खिळे. तो एकेक काढायला लागला. एक, मग दुसरा, मग दोन एकदम, लाळेनं ओले झालेले. तेवढा वेळ ते हसू थांबायला तयार नव्हतं, किंवा आत थांबून थांबून त्याचं दुसरंच काही झालं. शेवटचा खिळा तळहातावर पडला, त्यानं तोंड उघडलं आणि मोठ्यानं, लहान पोरानं काढावा तसा गळा काढून तो रडला. थोरला गेल्यापासून पहिल्यांदाच. सतरंजीवर बसून, मुठीत खिळे धरून, "गाढवा, अरे गाढवा" म्हणत तो रडत राहिला. हे कोणाला उद्देशून होतं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मुकादमाला ते आपल्यालाच वाटलं आणि त्याची शेपटी कापडावर फटाफट आपटायला लागली.

ताई आली तेव्हा हे असं चाललेलं.

"अगं बाई! काय झालं? गिळलास का खिळा? तरी मी सांगत होते!"

"नाही गं ताई, नाही गिळला." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "अगं, हा बसला."

"कोण?"

"हा. कापडावर. मी इकडे आलो की इकडे बसला, तिकडे गेलो की तिकडे बसला."

"बरं मग?"

"माझ्या तोंडात खिळे होते ना! मला ओरडता येईना. आणि यानं काय करावं? जांभई दिली!"

ताईनं कुत्र्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. भावाचे डोळे सुजलेले आणि चेहऱ्यावर असं काही की जगातली सगळ्यात भारी गोष्ट सांगून झाली आहे आणि आता ही हसणार. ताई मायाळू होती. ती हसली. हसून दाखवलं तिनं. "द्वाड आहे हो," असंही म्हणाली.

पण ते हसणं कुठेच पोचलं नाही, आणि धाकट्याला ते कळलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ही गोष्ट सांगून कळण्यातली नव्हतीच. ती कळणारे तिघे होते. त्यातला एक गेला, एक कुत्रा होता, आणि राहिलेल्याला आजवर कधी हसू आलं नव्हतं.

"चल, उशीर होतोय," ताई म्हणाली. "गाडी बाहेर उभी आहे. हीच ना पिशवी?"

"ताई, नको नेऊस त्याला."

"असं काय करतोस? तूच म्हणालास ना, झुरतोय म्हणून? तिथे पोरं आहेत. दिवसभर खेळतील त्याच्याशी."

"खेळतील गं. पण चिडणारं कोण आहे तिथे?" धाकटा म्हणाला. मग खाली बघत, हळूच म्हणाला, "आणि मला इथे चिडवणारं दुसरं कोण आहे?"

ताईनं पिशवीतून गोधडी काढली, झटकली आणि पुढे जाऊन गल्ल्याखाली अंथरली. मुकादमानं मान वर करून ते पाहिलं, पण तो कापडावरून उठला नाही.